खोसा-हंगेरियन तक्ता : कामाच्या नोंदी

१ जून २०२५

चिठ्ठ्यांनी घात केला. वाचनालयातल्या मुलांसाठी दर पावसाळ्यात आम्ही भाषांच्या कोड्यांची एक दुपार ठेवतो. दोन भाषा, भिंतीवर एक तक्ता, खेळायला चाळीस कार्डं. गेल्या वर्षी कन्नड आणि कोकणी होत्या, काम आठवड्यात उरकलं. यंदा मुलं म्हणाली, लांबच्या भाषा हव्यात. एका डब्यात आफ्रिकेतल्या, दुसऱ्यात युरोपातल्या. निघाल्या दक्षिण आफ्रिकेतली खोसा आणि हंगेरियन. मला दोन्हींतलं ओ की ठो कळत नाही.

सत्र १० ऑगस्टला, म्हणजे सत्तर दिवस. बजेट २,००० रुपये, त्यातले निम्मे छपाईला जाणार. पुढे कुणी अशीच जोडी घ्यायचं ठरवलं तर माझ्या चुका तरी वाचाव्यात, म्हणून ही वही.

लिहिण्याबद्दल आधीच सांगते. तक्त्यावर मूळ रोमन लेखन असेल, इथे सगळं देवनागरीत. खोसातले क्लिक ध्वनी तिथे सी, एक्स आणि क्यू या अक्षरांनी लिहितात. मी त्यांना च़, ख़ आणि क़ करते. खाली टिंब दिसलं की समजायचं, इथे जीभ वाजवायची आहे. त्या हिशेबानं भाषेचं नावही ख़ोसाच, पण दरवेळी टिंब देणार नाही. हंगेरियन ‘ए’चे दोन प्रकार आहेत आणि ‘ओ’चा एक प्रकार ओठ गोल करून ‘ए’ म्हटल्यासारखा आहे. त्यांना मराठीत चिन्ह नाही, तेव्हा साधे ए आणि ओच लिहिते. ‘ऑ’ मात्र आपल्याकडे आहे आणि तो इथे पदोपदी लागतो.

४ जून

दोन संध्याकाळी पाण्यात.

शब्दयादीसाठी भाषाशास्त्रज्ञ मॉरिस स्वादेशची शंभर मूलभूत शब्दांची यादी घेतली: पाणी, दगड, जीभ, डोळा, वगैरे. तिला घरातले चोवीस शब्द माझ्या पदरचे जोडले. हंगेरियन कोशात काही अडलं नाही. शब्दाचं मूळ पुढे असतं, शेपूट मागे. खोसाचा जुन्या पद्धतीचा कोश उघडला आणि ‘उम्न्त्वाना’ (मूल) उ मध्ये शोधत बसले. सापडेना. ‘इलित्ये’ (दगड) इ मध्ये नाही. पानं गहाळ झालीत असं वाटून दुसरी प्रत मिळवली. तीही तशीच.

पानं जागेवर होती, चूक माझी होती. खोसात नामाचं डोकं बदलतं. उम्न्तु म्हणजे माणूस, अबान्तु म्हणजे माणसं. इलित्ये एक दगड, अमात्ये अनेक. इसित्या एक ताटली, इझित्या अनेक. हे डोकं म्हणजे नामाच्या वर्गाची खूण, आणि कोश लावलाय डोकं उडवून उरलेल्या धडावर. उम्न्त्वाना सापडलं ते न मध्ये. विचार केला तर बरोबरच आहे. नाहीतर अख्खा कोश उ, इ आणि अ या तीनच अक्षरांत कोंबावा लागला असता.

उपाय: यादीत डोकं आणि धड वेगळ्या रकान्यांत. हे पहिल्या दिवशी केलं असतं तर.

एक गोष्ट मात्र हाती लागली. खोसात ‘उल्विमि’ म्हणजे जीभ आणि भाषाही. हंगेरियनमध्ये ‘न्येल्व’ म्हणजे जीभ आणि भाषाही. आपण जिभेला जीभ म्हणतो आणि भाषेला भाषा. पहिलं कार्ड तयार.

९ जून

आवाजांचं काम. दोन माणसं मदतीला आहेत. दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप प्रांतातल्या एक निवृत्त शिक्षिका, त्यांना मी त्यांच्या रीतीप्रमाणे ‘मामा’ म्हणते. खोसात मामा म्हणजे आई, वयानं मोठ्या बाईलाही तेच. आमच्याकडची मुलं फोनवर हे ऐकून खिदळतात. दुसरा माझा जुना सहकारी, हंगेरीतल्या देब्रेत्सेनचा, मोजकं बोलणारा.

हंगेरियन सोपं गेलं, आणि ते मराठीमुळे. त्यांच्याकडे दोन वेगळे ‘च’ आहेत आणि दोन वेगळी अक्षरं. आपल्याकडे अक्षर एकच, पण ‘चार’मधला च आणि ‘चारा’मधला च कुठलंही मराठी पोर न चुकता वेगळा काढतं. तक्त्यावर मी थेट ‘चार’ आणि ‘चारा’ असं लिहून टाकलं. त्यांचा त म्हणजे आपला दातांवरचा त. स आणि श यांची अक्षरं मात्र उलटीपालटी भासतात: इंग्रजी एस तिथे श वाचायचा, आणि स लिहायला त्यापुढे झेड लावायचा. म्हणून आपलं बुडापेस्ट त्यांच्या तोंडी ‘बुदॉपेश्त’ होतं.

खोसातही एक सवलत मिळाली. थ, ख आणि फुंकरीचा फ त्यांच्याकडे आपल्यासारखेच. ‘थान्दा’ (प्रेम करणे) मी पहिल्या फटक्यात नीट म्हटलं. मामा म्हणाल्या, इंग्रजी बोलणाऱ्यांना हे शिकवताना त्यांचा तास जातो.

मग क्लिक. आवाज तिन्ही ओळखीचे आहेत. च़ म्हणजे वाईट वाटल्यावर आपण ‘च् च्’ करतो तो. ख़ म्हणजे बैल हाकताना गालाच्या बाजूनं काढतात तो, आजोबा काढायचे. क़ म्हणजे टाळूवरून जीभ सोडली की बाटलीचं बूच उघडल्यासारखा टॉक. सुटा काढला तर तिन्ही जमतात. शब्दात घातला की गाडी अडते. ‘इक़ाक़ा’ म्हणताना माझं इ… टॉक… आ… टॉक… आ असं होतं, मध्ये खड्डे. इक़ाक़ा हा मांजराएवढा एक वासाडा प्राणी आहे आणि मुलांना जीभ वळवायला लावायच्या एका प्रसिद्ध वाक्याचा तो नायक आहे. ते वाक्य मी अजून हातात धरलेलं नाही.

मामांनी एकच सांगितलं: मागे क धरून ठेव आणि पुढे वाजव. म्हणजे जिभेचा मागचा भाग क म्हणताना जिथे टेकतो तिथेच टेकलेला राहू द्यायचा. भांडी घासता घासता सराव चालू आहे.

१४ जून

खड्डे बुजले. दहाव्या की अकराव्या दिवशी ‘इसिख़ेन्ख़े’ (सात) सलग म्हटलं. सातच्या पोटात दोन क्लिक आहेत, तेव्हा मोजायला शिकताना सुटका नाही.

त्याच दिवशी तोंडघशीही पडले. भोपळ्याचं कार्ड केलं, शब्द ‘इथान्गा’. मामांना म्हणून दाखवलं तर त्या हसत सुटल्या. मी मांडी म्हणाले होते. दोन्हींचं लेखन एकच. सूर कुठे चढतो यावर अर्थ ठरतो आणि सूर लिहीत नाहीत. कार्डावर भोपळ्याचं चित्र तसंच ठेवलं, पण आवाज मामांचा वाजवायचा, माझा नाही.

१५ जून

आज संगणकाला कामाला लावलं. एकशे चोवीस जोड्या, प्रत्येक जोडीत किती अक्षरं बदलली की एक शब्द दुसरा होतो एवढं मोजायचं. दोन भाषांचं नातं नाही हे जगजाहीर आहे. खोसा बान्टू कुळातल्या न्गुनी गटातली, हंगेरियन उराली कुळातली. मला फक्त ‘बघा, काहीच जुळत नाही’ असा एक कोरा आलेख हवा होता.

पहिल्या धावेत आकडे वेडेवाकडे आले. हंगेरियनची टोपीवाली अक्षरं काही ठिकाणी एक म्हणून साठवली होती, काही ठिकाणी अक्षर अधिक वरची खूण अशी दोन म्हणून. दिसायला तंतोतंत सारखी. सगळी एका साच्यात आणली. एका ओळीचं काम, पण कारण सापडायला साडेतीन तास.

दुसऱ्या धावेत सगळ्यात वर आलेली जोडी: ‘इसिकोलो’ आणि ‘इश्कोलॉ’. दोन्हींचा अर्थ शाळा. लेखनात फरक दोनच अक्षरांचा. पाच मिनिटं मी खुर्चीत ताठ बसले होते.

मग डोकं ठिकाणावर आलं. हा माझ्या पदरच्या चोवीसपैकी एक शब्द. हंगेरियननं तो लॅटिनमधून घेतला आणि स-क हे जोडाक्षर तोंडात बसेना म्हणून पुढे इ लावली. खोसानं तोच शब्द केपकडे आलेल्या युरोपीयांकडून घेतला, जोडाक्षर फोडलं, आणि समोर आलेलं ‘इसि’ हे आपल्या एका नामवर्गाचं डोकं आहे असं धरलं. अनेकवचन ‘इझिकोलो’. परका पाहुणा येऊन घरच्या पंगतीत बसला. आपल्याकडे स्टोव्हचा इस्टो आणि स्टेशनचं इस्टेशन होतं, तीच अडचण, तीच पळवाट.

उपाय: उसने शब्द वेगळ्या पानावर काढले. ते पान मूळ तक्त्यापेक्षा मजेदार झालंय. साखर बघा. हंगेरियन ‘त्सुकोर’, खोसा ‘इस्वेकिले’. दोन्हींची वाट उलटी चालत गेलं तर शेवटी आपल्या शर्करेपाशी येते: फारसी, अरबी, मग युरोपच्या भाषा, तिथून एक फाटा हंगेरीत आणि दुसरा आफ्रिकान्समधून केपच्या टोकाला. हंगेरियन शंभर म्हणजे ‘साझ’. हा इराणी-भारतीय टोळ्यांकडून फार जुन्या काळी घेतलेला, आपल्या शताचा चुलत भाऊ. आणि हजार म्हणजे ‘एझेर’. आपण हजार फारसीकडून घेतला, त्यांनीही इराणी भाषेकडूनच. खोसात शंभर ‘इखुलु’, हजार ‘इवाका’, तिथे आपला काही संबंध नाही.

नाती अशी वरवरच्या साम्यावर जोडू नयेत हे हंगेरियन लोकांना जितकं ठाऊक तितकं कुणालाच नसेल. १७६९ साली शुक्राचं अधिक्रमण बघायला उत्तर नॉर्वेतल्या वार्दोला गेलेल्या यानोश शाइनोविचनं तिथल्या सामी लोकांची भाषा ऐकली आणि १७७० मध्ये तिची हंगेरियनशी पद्धतशीर तुलना छापून दोन्हींचं नातं दाखवलं. मायदेशी हे अनेकांना रुचलं नाही. मासळीचा वास येणारे नातेवाईक कोणाला हवेत? पुढे चोमा दे कोरोश आपल्या लोकांचं मूळ शोधत पायी आशियात निघाला, लडाखकडे पोचून तिबेटी शिकला, १८३४ मध्ये तिबेटी-इंग्रजी कोश छापला आणि १८४२ मध्ये दार्जिलिंगला वारला. हंगेरियनांचं मूळ त्याला सापडलं नाही. मला दोन अक्षरांच्या फरकावर पाच मिनिटं हर्ष झाला, हे त्यामानानं स्वस्तात गेलं.

२२ जून

अजून एक आलेख फेकला.

१९४८च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातल्या पहिल्या कलमाचं पहिलं वाक्य दोन्ही भाषांत घेतलं. खोसा:

बोन्के अबान्तु बाझाल्वा बेखुलुलेकिले बेलिन्गाना न्गेसिदिमा नान्गोक्वेम्फानेलो.

हंगेरियन:

मिन्देन एम्बेरि लेन्य सॉबॉदोन स्युलेतिक एश एद्येन्लो मेलतोशागॉ एश योगॉ वॉन.

सात शब्द विरुद्ध अकरा. मी लगेच मथळा लिहिला, ‘खोसाचे शब्द लांबलचक, हंगेरियनचे आटोपशीर’, आणि रंगीत खांब काढले. देब्रेत्सेनच्या मित्राला दाखवलं. तो म्हणाला, आमच्या शब्दांना आजवर कुणी आटोपशीर म्हटलं नव्हतं.

मामांनी खरी गोम दाखवली. खोसा लिहिताना कर्ता, काळ, कर्म, क्रियापद सगळं एकत्र जोडून लिहायचं असं ठरलंय. शेजारच्या सोथो भाषेत साधारण तेच तुकडे सुटे लिहायचं ठरलं. बोलताना फारसा फरक नाही, लिहिताना शब्दांची संख्या दुप्पट. म्हणजे मी भाषा मोजत नव्हते, लिहिणाऱ्यांनी सोडलेल्या मोकळ्या जागा मोजत होते. एक रविवार आणि रंगीत छपाईचे साठ रुपये गेले.

पण ते वाक्य ठेवलं. मोठ्यानं वाचा: बोन्के अबान्तु बाझाल्वा बेखुलुलेकिले बेलिन्गाना. ‘सगळे’, ‘माणसं’, ‘जन्मतात’, ‘मोकळी’, ‘सारखी’ या पाचही शब्दांत ब आहे, कारण अबान्तुचा वर्ग तो आहे आणि त्याच्याशी नातं सांगणाऱ्या प्रत्येकानं तो बिल्ला लावायचा. हंगेरियनमध्ये शब्दाशब्दांत असं काही नाही. तिथे घुमतं ते शब्दाच्या पोटात: हाझ (घर) ला ‘आत’ म्हणायचं तर ‘हाझबॉन’, केर्त (बाग) ला ‘केर्तबेन’. मूळ शब्दाचा स्वर जसा, तसा शेपटीचा स्वर. मी आधी दोन्हींना ‘यमक’ असं एकच नाव दिलं होतं, ते खोडलं. पुन्हा एकत्र करू नये म्हणून इथे लिहून ठेवते: खोसात नामाचा वर्ग सगळ्या वाक्यभर पसरतो, हंगेरियनमध्ये स्वर फक्त आपल्या शब्दापुरता.

६ जुलै

आषाढी. सुट्टी होती म्हणून दिवसभर बसले आणि आतापर्यंतचा व्याकरणाचा सगळा तक्ता रद्द केला.

झालं असं की मधला रकाना इंग्रजी होता. साधनं सगळी इंग्रजीत, तेव्हा आपसूक तसाच बनला. त्यामुळे ‘ही आणि शी’ अशी ओळ आली, आणि तिच्यात दोन्ही भाषांत सारखीच खूण. हंगेरियन ‘ओ’ म्हणजे तो आणि तीही. खोसा ‘उयाहाम्बा’ म्हणजे तो जातो, ती जाते. मी टिपलं होतं: दोन्ही भाषांत लिंगभेद नाही, दोन्ही सारख्या. हे वाचायला बरोबर आणि उपयोगाला शून्य. खोसात नामांचे दहा-पंधरा वर्ग आहेत आणि विशेषण-क्रियापदं त्यांच्या मागे पळतात. हंगेरियनमध्ये एकही नाही. इंग्रजीच्या खिडकीतून दोन्ही एकसारख्या कोऱ्या दिसत होत्या.

इंग्रजी रकाना काढला, मराठी घातला. ‘चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगलं मूल.’ मुलांना जुळवणं काय असतं हे सांगावंच लागणार नाही. तीनऐवजी जास्त पेट्या आहेत आणि खूण पुढे लागते, एवढं म्हटलं की खोसा कळली. मग हंगेरियनसाठी ‘घरात, घरातून, घराला’. शेपूट मागे लागतं हे त्यांना पाळण्यापासून माहीत आहे. आपली मराठी एका हातानं खोसाकडे आणि दुसऱ्या हातानं हंगेरियनकडे पोचते, आणि मी पाच आठवडे इंग्रजीच्या स्टुलावर चढून दोघींकडे बघत होते. चिडचिड झाली. साबुदाण्याची खिचडी खाल्ली.

९ जुलै

मराठीमुळे लगेच एक फायदा आणि लगेच एक फजिती.

फायदा. ‘मी पाव खाल्ला, मी भाकरी खाल्ली.’ नुसतं ‘खाल्ली’ ऐकलं तरी काय खाल्लं त्याची जात कळते. खोसात: ‘न्दिसित्यिले इसोन्का’, पाव खाल्ला, ‘न्दियित्यिले इन्यामा’, मटण खाल्लं. मधला ‘सि’ पावाचा, ‘यि’ मटणाचा. मुलांनी हे दोन मिनिटांत पकडलं, चाचणीला शेजारची दोघं बसवली होती.

फजिती. ‘मी तुझ्यावर प्रेम करते’ हे दोन्ही भाषांत एका शब्दात बसतं. खोसा ‘न्दियाकुथान्दा’, हंगेरियन ‘सेरेतलेक’. खोसात न्दि म्हणजे मी, कु म्हणजे तुला. हंगेरियनमध्ये ‘लेक’ या शेपटीतच मी-तुला दोन्ही. मी टाळी वाजवली आणि सहा बाय सहाची जाळी आखली: मी-तुला, तू-मला, ती-आम्हाला, सगळं. खोसाची बाजू भरली. हंगेरियनची बाजू अंदाजानं भरून मित्राला पाठवली. परत आली तेव्हा जवळजवळ सगळ्या घरांवर तांबडी काट.

मी-तुला ही एकच जोडी हंगेरियननं अशी घडवली आहे. इतर वेळी क्रियापद इतकंच विचारतं, कर्म ठरावीक आहे की कुठलंही? ‘लातोक एद्य हाझॉत’: मला एक घर दिसतं. ‘लातोम ऑ हाझॉत’: मला ते घर दिसतं. क नाहीतर म. आणि इथे पुन्हा खोसा जवळ येते: ‘न्दिबोना इन्द्लु’ म्हणजे घर दिसतंय, कुठलं का असेना, ‘न्दियायिबोना इन्द्लु’ म्हणजे ते घर, आपण बोलत होतो ते. मध्ये ‘यि’ आला की घर ओळखीचं. आपण ‘मी घर पाहिलं’ आणि ‘मी घराला पाहिलं’ असं करून बघितलं, जमेना. पण ‘मुलगा पाहिला’ आणि ‘मुलाला पाहिलं’ यात तीच हवा आहे. सोयरीक जुळवणाऱ्यांना विचारा.

जाळी रद्द. या चार वाक्यांचं एक मोठं कार्ड केलं. सगळ्या तक्त्यात मला हेच सगळ्यात आवडतं.

१३ जुलै

छोटं काम, पटकन झालं. घरात असणं, घरात जाणं, घरातून निघणं. हंगेरियनमध्ये तीन वेगळी रूपं: हाझबॉन, हाझबॉ, हाझबोल. मराठीत दोन: ‘घरात आहे’ आणि ‘घरात जाते’ यांत तेच रूप, ‘घरातून’ वेगळं. खोसात एकच, ‘एन्द्ल्विनि’. आत की आत जाणं की बाहेर येणं, हे क्रियापद सांगतं. तीन, दोन, एक. मुलांसाठी याहून सरळ कोडं मिळणार नाही.

‘एन्द्ल्विनि’ बघून ‘इन्द्लु’ ओळखू येत नाही असं वाटेल. ‘उम्लाम्बो’ (नदी) चं ‘एम्लान्जेनि’ आणि ‘उम्लोमो’ (तोंड) चं ‘एम्लोन्येनि’ तर आणखी. पण घोड्यावर, पाण्यात म्हणणाऱ्यांनी कुरकुर करू नये. सामान्यरूप म्हणून समजावलं, चाललं.

२० जुलै

नात्यांची कार्डं. इथेही मराठी मध्येच उभी आहे. हंगेरियनला भावंडांत थोरलं-धाकटं महत्त्वाचं: थोरला भाऊ, धाकटा भाऊ, थोरली बहीण, धाकटी बहीण असे चार स्वतंत्र शब्द. खोसाला आईची बाजू-बापाची बाजू: ‘उमालुमे’ मामा, ‘उमाकाझि’ मावशी, ‘उदादोबावो’ आत्या. खोसात आई ‘मामा’ आणि मामा ‘मालुमे’, हे कार्ड हमखास हशा घेणार.

ध्वनिमुद्रण करताना यादीतल्या एका शब्दाला मामा थांबल्या. पुढचा घे म्हणाल्या. मला वाटलं लाइन गेली. मग हळूच सांगितलं की त्यातला एक उच्चार त्यांच्या दिवंगत सासऱ्यांच्या नावात येतो. लग्न झालेल्या बाईनं तो तोंडातून काढायचा नाही, त्या जागी दुसरा शब्द घ्यायचा. याला ह्लोनिफा म्हणतात. हल्ली शहरात फारसं कुणी पाळत नाही, पण त्या पाळतात. (तो शब्द इथे लिहीत नाही, त्यावरून नाव ओळखता येईल.) शेजारच्या खोई-सान भाषांतले क्लिक खोसात इतके का रुजले, याचं एक कारण काही अभ्यासक हेच देतात: बायकांना बदली शब्द हवे होते आणि तिकडचे आवाज हाताशी होते.

माझी आजी आजोबांना ‘अहो’ आणि ‘हे’ याशिवाय काही म्हणाली नाही, नाव फक्त उखाण्यात. पण शाळेच्या दाखल्यापासून रेशनकार्डापर्यंत तिच्या नावाच्या मधोमध आजोबांचं नाव. हंगेरीत जुनी रीत आणखी पुढची: नवऱ्याचं आख्खं नाव घ्यायचं आणि शेवटी ‘ने’ लावायचा. कोवाच यानोशची बायको कोवाच यानोशने. बाईचं स्वतःचं नाव गायब. आडनाव तिथे आपल्या सरकारी अर्जासारखं आधी येतं. मुलं ‘यानोशने काय केलं?’ विचारणार, तयारी ठेवली आहे.

तो शब्द एका तरुण भाचीच्या आवाजात मुद्रित करून मामांनी स्वतःच पाठवला.

२ ऑगस्ट

छपाई. तीन बाय चार फुटांचा फ्लेक्स, ३६० रुपये. संध्याकाळी गुंडाळी घरी आणली, उलगडली, आणि हंगेरियन बाजूवर सगळ्या दोन तिरक्या रेघांच्या जागी नागमोडी रेघ. दुकानातल्या फॉन्टमध्ये ते अक्षर नव्हतं, त्यानं जवळचं बसवलं. मित्राला फोटो पाठवला. म्हणाला, आमच्याकडच्या जुन्या संगणकांवर वर्षानुवर्षं हेच दिसायचं, मन भरून आलं.

मन भरून आलं तरी चालणार नव्हतं. हंगेरियनमध्ये वरच्या खुणा म्हणजे शोभा नाही. एकाच सांगाड्यावरची खूण काढली-बदलली की वय, रोग, वर्तुळ आणि पत्त्यांतलं बदाम असे चार शब्द होतात, आणि तेच कार्ड मी मोठ्या हौसेनं केलं होतं. दुकानदाराचा दोष म्हणता येत नाही, मीच फाइल अक्षरं गोठवून द्यायला हवी होती. दुसऱ्या खेपेला चित्र करूनच दिली. आणखी ३६० रुपये. बजेट ओलांडलं.

१० ऑगस्ट

सत्र झालं. एकवीस मुलं, अडीच तास. क्लिकनं सुरुवात केली ती चूक. पुढची वीस मिनिटं नुसतं टॉक टॉक. पण क्रिकेटवाल्या पोरांना पोर्ट एलिझाबेथ माहीत होतं. त्याचं नाव २०२१ मध्ये ग्क़ेबेर्हा झालं हे सांगितल्यावर समालोचकाची नक्कल करायला रांग लागली. तीन-दोन-एकचं कोडं चार मिनिटांत सुटलं. यमक-बिल्ल्याचं कार्ड कुणाला कळलं नाही, पुन्हा करावं लागेल. ‘मुलगा पाहिला, मुलाला पाहिलं’ वर मुलांपेक्षा मागे बसलेल्या आयाच जास्त भांडल्या.

शेवटी एक सातवीतली मुलगी तक्त्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, कार्डावर दोन आणि पाच घरांना ‘केत हाझ’, ‘ओत हाझ’ आहे, मग तक्त्यावर तीनलाच ‘हारोम हाझॉक’ का? मी उत्तर जुळवायला लागले, तीन म्हणजे वेगळं असेल वगैरे. मग थांबले आणि फोन लावला.

१२ ऑगस्ट

तिचं बरोबर, तक्ता चूक. हंगेरियनमध्ये आकडा आला की नाम एकवचनीच राहतं. तीन आहेत हे आकड्यानं सांगितलंय, पुन्हा कशाला? खोसात मात्र ‘इझिन्द्लु एझिम्बिनि’ (दोन घरं), अनेकवचन दोन्हीकडे. मी खोसाची ओळ भरून त्याच नादात हंगेरियनला शेपूट लावलं होतं, आणि दोन छपायांत कुणाच्याच नजरेला आलं नाही. त्या मुलीला सांगितलं तर म्हणाली, आपण पण पाच वाटी साखर म्हणतो ना.

तिसरा फ्लेक्स छापणार नाही. शेवटच्या दोन अक्षरांवर पांढरी पट्टी लावली. फ्लेक्सवर ती टिकत नाही, दोनदा निघाली. तिसऱ्यांदा फेव्हिक्विकनं बसवली आहे.